थोरल्या जावयाचं पॅकिंग

मे महिन्याच्या ऐन उन्हात मी स्कूटरचं इंजिन घरच्या घरी बदलायचं ठरवलं. बिघाड इंजिनात होता हे खरं आहे. पण त्याहून मोठा बिघाड माझ्या पोटात होता, आणि त्याचं नाव नीरजराव.

नीरजराव म्हणजे माझे साडभाऊ. माझी बायको वर्षाली, तिची धाकटी बहीण मंजुषा, आणि मंजुषाचे यजमान नीरजराव. वर्ध्याला राहतात. माणूस दिसायला बरा, बोलायला गोड, व्यसन कसलंही नाही, म्हणजे तक्रार करायला जागा म्हणून ठेवलेली नाही. (असल्या माणसाचा राग करायला फार मेहनत पडते. मी ती वीस वर्षांपासून घेतो आहे.) या माणसाने दोन रविवारांत आपल्या जुन्या कारचं इंजिन अंगणात, स्वतःच्या हाताने बदललं आणि त्याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आमच्या सासूबाई मनकर्णाबाई आजही फोन उलटा धरतात. त्यांनी त्या व्हिडिओखाली अकरा हार आणि सात नमस्कार पाठवले. मी हेडक्लार्क झालो तेव्हा मीही फोटो टाकला होता. त्याखाली सकाळी दहा वाजता त्यांचं 'शुभ रात्री' आलं होतं.

तरीही मी गिळलं असतं. पण चार दिवसांनी सासूबाईंचा आष्टीहून फोन आला.

"रूपराव, धोंड्याचा महिना लागला. सात तारखेले रविवार हाय, दोघंही येजा."

"येतो ना," मी म्हटलं.

"अन् तुमची स्कूटर तं दिवाळीपासून बंद पडून हाय म्हन्ते वर्षाली. उनातानात यष्टीनं काऊन येता? नीरजराव गाडी घेऊन येऊन राह्यले, थे तुमाले नाचनगावातून उचलून घेतीन."

उचलून घेतील. पोत्यासारखं.

आता ज्यांना धोंड्याचा महिना ठाऊक आहे त्यांना माझं दुःख समजावून सांगायला नको. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि तेवढ्या एका महिन्यात जावई हा विष्णूचा अवतार असतो. पाट, औक्षण, कपडे, तेहतीस अनारसे. आणि आमच्या सासरी आणखी एक गोष्ट, जी मला अनारशांपेक्षा गोड लागते. लग्न झाल्यापासून दर धोंड्याला मी वर्षालीला मागे बसवून स्कूटरवर आष्टीला जातो, गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न मारतो, आणि ओसरीत खाटेवर पडलेले सासरे महादेवराव आत ओरडून सांगतात, "थोरले आले." बस, एवढंच. ऑफिसात मला कुणी थोरलं म्हणत नाही, घरात तर नाहीच. तीन वर्षांतून एकदा हे दोन शब्द कानावर पडले की पुढची तीन वर्षं मी निभावून नेतो.

आणि आता मी नीरजरावांच्या मागच्या सीटवर बसून, त्यांच्या एसीची हवा खात, त्यांनी स्वतः बसवलेल्या इंजिनाचा आवाज ऐकत सासरी जाणार. उतरल्यावर सासरे काय म्हणणार? "नीरजराव आले. अन् थोरलेही हायेत मांगं."

मी वर्षालीला सांगून टाकलं, "आपण आपल्या स्कूटरने जायचं. इंजिन मी बदलतो."

वर्षाली कुरोड्यांचा चीक घोटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मागच्या वर्षी मिक्सर कोनं खोलला होता?"

"मीच."

"तो कुठं हाय आता?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते माळ्यावर होतं.

पुलगावच्या ताराचंद कबाड्याकडे माझ्या स्कूटरच्याच कंपनीचं एक इंजिन पडलेलं होतं. सिलिंडर वेगळा, खालचं चेंबर वेगळं, आणि बाकी सगळं एका तेलकट पोत्यात. ते मी ऑटोरिक्षात घालून घरी आणलं आणि सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, अंगणात गोणपाट पसरून कामाला बसलो. जुनं इंजिन निघालं. निघताना माझ्या डाव्या अंगठ्याचं नखही सोबत निघालं, पण निघालं. दुपारपर्यंत फोटो ग्रुपवर टाकण्याइतकी परिस्थिती चांगली होती. मी टाकला.

पाच मिनिटांत नीरजरावांचा फोन.

"भाऊजी, मस्त काम करून राह्यले तुमी. फक्त सिलिंडरच्या खालचं पॅकिंग सांभाळून बसवजा. थे जमलं तं सारं जमलं. मले तीनदा करा लागलं."

मला तीनदा करावं लागलं, असं हा माणूस आपण होऊन सांगतो. असा मोठेपणा अंगात असला की समोरच्याने काय करायचं? मी म्हटलं, "बघतो," आणि मनात ठरवलं की पॅकिंग मी एकदाच बसवणार.

पॅकिंग म्हणजे सिलिंडर आणि चेंबर यांच्या मधला कागदी गॅसकेट. दिसायला पापडासारखा, मधे मोठं भोक, कडेला खाचा. दुकानातून आणलेलं पॅकिंग मी ठेवलं तेव्हा कळलं की आपल्या इंजिनाला तीन खाचा आहेत आणि पॅकिंगला दोन. शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. पण दोन आणि तीन यांत फरक तो कितीसा? शिवाय नीरजराव तीनदा, मी एकदा. मी ब्लेडने एक खाच पाडली, जरा फाटलं तिथे ग्रीस थापलं आणि नट आवळले.

किक मारली आणि स्कूटर सुरू झाली. सात महिन्यांनी तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले. वर्षालीला हाक मारली, ऐटीत सीटवर बसलो, स्कूटर स्टँडवरून उतरवली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. तोवर इंजिनाचा आवाज आपोआप वाढायला लागला होता. फाटक्या पॅकिंगमधून आत हवा शिरली की इंजिन उधळतं, हे मला ताराचंदने नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी स्कूटर किंचाळते आहे. घाबरून मी क्लचही सोडला.

अंगणात समोर दोन खाटांवर धोतर अंथरून वर्षालीच्या कुरोड्या वाळत होत्या. पहिली खाट आडवी झाली. दुसरीच्या खाली स्कूटर शिरली, आणि मी वर, कुरोड्यांत.

वर्षाली दारात उभी होती. ती ओरडली नाही. तिने जवळ येऊन इंजिनाच्या प्लगची वायर ओढून काढली (हे तिला कसं सुचलं देव जाणे) आणि म्हणाली, "मंजुषासाठी केल्या होत्या. नीरजरावाले आवडते."

सांगायला लाज वाटते, पण अंगाला ओला चीक लागलेला असतानाही मला त्या क्षणी थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताराचंदकडे गेलो. त्याने माझं फाटकं पॅकिंग उलटसुलट करून पाहिलं आणि कानात तेल घालायला निघालेल्या वैद्यासारखा गंभीर झाला.

"साहेब, हे इंजिन जुन्या मॉडेलचं हाय. याचं पॅकिंग आता भेटत नाई. घरीच काटून घ्या ना. जाड पत्रिका घ्यायची लग्नाची, चेंबरवर ठेवायची, अन् कडेकडेनं हातोडीनं हलके हलके ठोकत जायचं. कडेवर आपोआप कटून येते. पन पत्रिका जाड पायजे बरं का, भारीवाली."

पत्रिकांची पिशवी आमच्याकडेही आहे, जशी सगळ्यांकडे असते. मी एकेक काढून अंगठ्याने दाबून पाहिली. आमचे नातेवाईक किती काटकसरी आहेत हे त्या दिवशी समजलं. सगळ्या पत्रिका पापुद्र्यासारख्या. आमच्या स्वतःच्या घराच्या वास्तूला तर मी गुलाबी कागदावर झेरॉक्स काढल्या होत्या.

आणि मग माझी नजर शोकेसकडे गेली.

नीरजरावांच्या वास्तुपूजनाची पत्रिका वर्षालीने शोकेसमध्ये, काचेच्या मोरांच्या मधे उभी करून ठेवली होती. पुठ्ठ्यासारखी जाड, वेगळ्या खोक्यात बसवलेली, सोनेरी उठावाची अक्षरं. दोन वर्षं रोज जेवताना ती माझ्याकडे बघत होती. वर्षाली बाजाराला गेलेली. मी खोका तिथेच ठेवला आणि आतली पत्रिका घेऊन अंगणात आलो.

पत्रिकेच्या वरच्या भागात गणपती होता. गणपतीवर हातोडी चालवायची माझी हिंमत झाली नाही, त्याला इंजिनात कोंबणं तर दूरच. (मी मत्सरी आहे, नास्तिक नाही.) म्हणून मी पत्रिका वर सरकवली. गणपती बाहेर सुरक्षित राहिला आणि चेंबरवर आला खालचा मजकूर: 'आपले विनीत, सौ. मंजुषा व श्री. नीरज'.

मी हातोडी उचलली. आयुष्यात कुठलंच काम मी इतकं मन लावून केलेलं नाही. ठक, ठक, ठक. वास्तुपूजन गेलं, स्नेहभोजन गेलं, 'आपली उपस्थिती हाच आहेर' हेही गेलं. पॅकिंग असं सुरेख कटून आलं की कडेला थोडा जास्तीचा कागद राहिला तो कापायचंही मी विसरलो. तीनही खाचा बरोबर. सिलिंडर बसवला, नट आवळले, किक मारली. स्कूटर मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली. कापून उरलेला गणपती मी देवघरात पोथीखाली ठेवला आणि वर्षालीला सांगितलं, "पॅकिंग नागपूरहून मागवलं."

नीरजरावांना फोन करून कळवलं की वाट वाकडी करू नका, आम्ही आमचे येतो. फोन ठेवताना मी चक्क शीळ घातली.

सात तारखेला पहाटेच निघालो. आर्वीला चहा घेतला आणि नऊच्या आत आष्टीत शिरलो. गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न. ओसरीतून आवाज आला, "थोरले आले."

मागे बसलेल्या वर्षालीने माझ्या पाठीवर हलकीच थाप मारली. तेवढ्यापुरतं जगात सगळं जिथल्या तिथे होतं.

अर्ध्या तासाने नीरजराव कार घेऊन आले. आल्या आल्या माझ्या पाया पडले, आणि कपडेही न बदलता स्कूटरकडे वळले. "भाऊजी, चालू करून दाखवा बरं." मी किक मारली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "वा. माह्या कारचं असं नाई बसलं. पॅकिंग कोनतं टाकलं?"

"नागपूरहून मागवलं. भारी येतं," मी म्हटलं, जरा मोठ्याने, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत जावं.

त्यांनी बाजूचं झाकण उघडलं आणि उकिडवे बसले. मग बराच वेळ उठलेच नाहीत.

"भाऊजी, हे काय लिहून हाय?"

सिलिंडरच्या खालून कापायचा राहिलेला तो तुकडा बोटभर बाहेर आला होता. त्यावर सोनेरी अक्षरं चमकत होती. सासरे चष्मा लावून आले, वाकले, आणि एकेक अक्षर जुळवत त्यांनी मोठ्याने वाचलं, "नी... र... ज."

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. मंजुषा आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर्षालीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत शोकेस स्पष्ट दिसत होतं. आता हिने तोंड उघडलं की पाट गेला, अनारसे गेले आणि थोरलेपणही गेलं. मी मनातल्या मनात देवघरातल्या पोथीखालच्या गणपतीची माफी मागितली.

पण बोलल्या त्या सासूबाई. त्यांनी आधी पदराने डोळे पुसले.

"लोकं गाडीवर पोराचं नाव लिहितात, बायकोचं लिहितात. ह्या मानसानं साडभावाचं नाव लिहिलं. अन् थेही सोन्यानं, इंजिनाच्या आत, कोनाले दिसू नाई असं."

नीरजराव पुन्हा माझ्या पाया पडले. या वेळी लवकर उठले नाहीत. "मले सख्खा भाऊ नाई, भाऊजी," ते म्हणाले, आणि मला त्यांचं डोकं हाताने वर करावं लागलं. हा माणूस मला मत्सर देखील धड करू देत नाही.

औक्षण आधी माझं झालं. तेहतीसऐवजी मला पस्तीस अनारसे मिळाले, ते मी एकेक करून गिळले. घरी परतताना वर्षाली मागून एवढंच म्हणाली, "उद्या दोन पायल्यांच्या कुरोड्या घालायच्या हायेत. चीक तुमी घोटायचा." मी घोटला.

इथे संपलं असतं तर मी सुटलो असतो. पण पुढच्या रविवारी नीरजराव नाचणगावला आले, सोबत वर्ध्याचा पेंटर घेऊन. "भाऊजी, तुमी माहं नाव लपवून ठेवलं. मले थे बरं नाई वाटलं," असं म्हणून त्यांनी माझ्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर, टीचभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत 'नीरज' लिहून घेतलं. पैसे त्यांनीच दिले. मला वर आभारही मानावे लागले.

परवा सासऱ्यांनी वांगी न्यायला बोलावलं म्हणून आष्टीला गेलो. गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न मारला. महादेवराव खाटेवर उठून बसले. चष्मा लावला नव्हता, पण अक्षरं बिनचष्म्याने वाचण्याइतकी मोठी होती.

"कोन आलं जी?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"नीरजरावाची गाडी आली," सासरे म्हणाले. "थोरले चालवून राह्यले."