सुलतानची रीतसर रवानगी

प्राणी आणि माणूस यांच्यातला मूलभूत फरक असा, की प्राण्याची कागदपत्रं पूर्ण होऊ शकतात.

सिडकोत राहणाऱ्या आवडाबाईंना हा फरक साठी उलटल्यावर कळला. मुलगा रामकिसन परदेशी नोकरीला गेला, तेव्हा आईला सोबत म्हणून त्यानं लासूर स्टेशनच्या बाजारातून कुत्र्याचं एक पिल्लू आणून दिलं होतं. तेच सुलतान. काही वर्षांनी रामकिसनलाच तिकडं एकटं वाटू लागलं. एकटेपणावर त्या देशाला दोनच उपाय मंजूर आहेत: बायको आणि पाळीव प्राणी. बायकोचा योग येईना, म्हणून सुलतानला बोलावणं आलं. (आई या उपायांत मोडत नाही. रामकिसननं चौकशी केली होती.)

तयारी पद्धतशीर झाली. सुलतानची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. डॉक्टरांनी अडून न बसता एक जून लिहिली. घरात सगळ्यांचीच ती होती. मग रेबीजची लस टोचली आणि नंतर मानेत चिप बसवली. हा क्रम उलटा निघाला. चिपच्या आधीची लस तो देश धरत नाही. लस टोचलेला कुत्रा हाच, याला पुरावा काय?

"म्या धरला व्हता की त्याला," आवडाबाई म्हणाल्या.

त्यांची साक्ष ग्राह्य नव्हती. लस पुन्हा टोचली. रक्त तपासणीसाठी परदेशी गेलं. (या घरातून परदेशी गेलेलं हे दुसरं रक्त.)

पिंजऱ्याबाबत नियम उदार आहेत. प्राण्याला आत ताठ उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. (तिकीट काढून बसणाऱ्यांना ही सवलत नाही.) आत करमावं म्हणून माणसाच्या वासाचं कापड ठेवतात. आवडाबाईंनी नेसून मऊ झालेलं लुगडं दिलं आणि रोज जवळ बसून सुलतानला पिंजऱ्याची सवय लावली. तो नापास व्हावा असं त्यांना फार वाटायचं, पण शिकवण्यात त्यांनी कसूर केली नाही.

शेवटच्या तपासणीला त्यांनी पदर सावरून स्वतःची मान पुढं केली.

"डॉक्टरसाहेब, एक चिप मला बी टोचा."

"तुम्हाला कशाला, मावशी?"

"लस घेते, रक्त देते. पिंजऱ्यात दोघं मावतो, म्या बसून पाह्यलं."

"मावशी, हे खातं जनावरांचं. माणसांचं लई कडक असतं."

"मग जनावरात धरा की. रामकिसनच्या बापानं जलमभर तेच धरलं."

डॉक्टर मनापासून हसले आणि त्यांनी सुलतानच्या दाखल्यावर शिक्का मारला.

सुलतान पोचला. सुरुवातीला तो जेवेना. तिथल्या डॉक्टरांनी 'विरहाचा ताण' असं निदान केलं आणि रामकिसनला त्याच्यापाशी बसायला रजा मिळाली. इकडं आवडाबाईंचंही जेवण सुटलं. शेजारच्या भागूबाईंच्या मते ती ॲसिडिटी होती.

आता सुलतान बर्फात खेळतो. वसाहतीतला जो तो आवडाबाईंना थांबवून त्याची खुशाली विचारतो. वाचकांनाही तीच काळजी लागली असणार, म्हणून कळवण्यात येतं, की सुलतानची प्रकृती उत्तम आहे. आणखी काही विचारायचं असल्यास आवडाबाई घरीच असतात.