टेपला न सापडलेली सूज

"रक्तातलं सीआरपी बेचाळीस. पाचच्या आत हवं. म्हणजे अंगात कुठेतरी सूज आहे," कंपाउंडरने रिपोर्ट शिंप्याच्या हातात दिला. "डॉक्टर उद्या भेटतील."

शिंप्याला उद्यापर्यंत थांबायची गरज वाटली नाही. सूज म्हणजे वाढलेलं माप, आणि मापाच्या बाबतीत त्याने चाळीस वर्षांत कुणाचं ऐकलं नव्हतं. कणकणीमुळे आठ दिवस त्याने सुई धरली नव्हती, पण टेप गळ्यात होतीच. घरी येताच त्याने स्वतःच्या लग्नातल्या सुटाची मापं लिहिलेली वही काढली आणि आरशासमोर उभा राहिला.

"पोट अकरा इंचांनी वाढलंय! सापडली!"

"ती सूज नव्हे," बायको म्हणाली. "ती माझ्या हातची चव आहे."

पोट असं निकालात निघालं. मग मान, दंड, मनगटं झाली. शेवटी उजवी पोटरी डावीपेक्षा पाऊण इंच जाड निघाली. जन्मभर त्याच पायाने मशीन मारल्यावर ती जाड होणारच, हे कुणालाही सुचलं असतं. त्याला नाही सुचलं.

"पायच गेला!"

पाय गेला म्हणजे मशीन गेलं आणि मशीन गेलं म्हणजे दुकान मेव्हण्याच्या हाती. मेव्हण्याने शिवलेल्या शर्टाच्या दोन बाह्यांचं आपसात कधी पटत नसे. पण माप म्हणजे माप. पोटरीला अस्तराची पट्टी गुंडाळून त्याने मेव्हण्याला बोलावलं आणि किल्ल्या दिल्या. "भाऊजी, तुम्ही नुसते बसून राहा," मेव्हणा म्हणाला. येताना तो स्वतःच्या नावाची पाटी घेऊनच आला होता.

दुसऱ्या दिवशी तो बायकोबरोबर दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली आणि ते हसले. "पाय दणकट आहे. सूज आहे एवढंच सीआरपी सांगतं, कुठे ते नाही. ते आपण शोधायचं."

ते तपासायला वाकले, तर त्यांच्या कोटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. शिंप्याला ते बघवेना. कॉलरमागची सुई निघाली, बटण घट्ट बसलं आणि सवयीने त्याने दोरा तोडायला दातांत धरून ओढला.

"आई गं!"

"आ करा," डॉक्टरांनी टॉर्च लावली. सुळ्यावरची हिरडी टम्म फुगली होती. "पू झालाय. हीच सूज असणार. दातवाल्या डॉक्टरांकडे आजच जा, मग रक्त पुन्हा तपासू. ठणकत नव्हतं?"

"ठणकत होतं. पण दाताचं माप कोण घेतं, डॉक्टर?"

बायकोने पर्समधून कात्री काढून त्याच्या हातात ठेवली. "चाळीस वर्षं सांगतेय."

शिंपी पोटरीची पट्टी सोडत ताडकन उठला. "आधी दुकानात जाऊ. दोन गोष्टी उपटायच्या आहेत. पहिली पाटी, मग दात."