सासरे मधल्या पाण्यात

रविवारी सकाळी चहा पिता पिता जावयानं एक छोटासा निर्णय घेतला. आज सासऱ्यांना नावेत बसवायचं. (खऱ्या नावेत नव्हे. तेवढी छाती त्याच्याकडे नव्हती.)

नाव म्हणजे त्यानं स्वतः तयार केलेलं व्यायामाचं यंत्र. ते बैठकीच्या खोलीत अशा ऐटीत बसलं होतं की सोफ्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागत होतं. सरकणारी सीट, दोन बाजूंना दोन वल्ही आणि प्रत्येक वल्ह्याच्या बुडाशी एक मोटार. डोळ्यांवर आत पडदा असलेला जाडजूड चष्मा चढवला की खोली गायब आणि चहूकडे नदी. वल्हं मारलं की मोटार पाण्यासारखा उलटा जोर लावायची. हात थांबवले की वल्हं हळूच ओढून घ्यायची, जणू प्रवाहच नेतोय. या ओढीवर जावई मनापासून खूश होता. आठवीत शाळा सोडून मोटारी दुरुस्त करायला लागलेला हा माणूस चारचौघांत तोंड उघडायचा नाही. पण या ओढीचा विषय निघाला की त्याची गाडी अशी सुटायची की बायकोला सांगावं लागायचं, "अहो, मधे श्वास घ्या."

नदीचं चित्र मेहुणीनं कॉम्प्युटरवर केलं होतं. "भाऊजी, पाणी बघा, पाणी!" असं ती प्रत्येकाला अभिमानानं दाखवायची. (प्रत्येकाला, म्हणजे भाऊजींनाच.)

अडचण एकच होती. बायकोनं बजावलं होतं, "आज हे धूड बैठकीतून हललं नाही, तर उद्या भंगारवाला हलवेल." हलवायचं तर जागा हवी, आणि जागा होती खालच्या मजल्यावर सासऱ्यांकडे. त्यांची मागची खोली रिकामी होती. किल्ली मात्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची आणि ती मागायची कशी, हे जावयाला कळत नव्हतं. त्यापेक्षा नदी तयार करणं सोपं गेलं होतं. म्हणून त्यानं ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. यंत्रच बोलेल.

सासरे बसचे निवृत्त ड्रायव्हर. ते आले, यंत्राला एक फेरी मारून म्हणाले, "आरसा कुठाय?"

"नावेला आरसा नसतो, बाबा," जावई पुटपुटला.

"मग मागचं कसं दिसतं? बरं, हॉर्न?"

"बसा ना बाबा आता!" बायको म्हणाली.

सासरे बसले. चष्मा चढवला आणि मान वळवून चहूकडे पाहिलं. मग वल्हं मारलं. मोटार घुमली. "अरे!" ते ओरडले. "हे तर खरंच ओढतंय की!"

जावयाला वाटलं, आपण दोन बोटं उंच झालो. मेहुणीनं त्याला चिमटा काढला. सासरे वल्हवत राहिले. घाम आला, सदरा पाठीला चिकटला, तरी थांबेनात.

"पुरे आता, बाबा. उतरा," बायको म्हणाली.

"उतरतो. काठ येऊ दे."

जावयानं मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीनं जावयाकडे पाहिलं.

"भाऊजी," ती कुजबुजली, "तुम्ही काठ सांगितलाच नव्हतात."

"अगं, पण ती झाडं?"

"ती नुसती मागच्या पडद्यावर आहेत. कितीही वल्हवा, तेवढीच लांब राहणार."

आजवर जो बसला तो दमला की चष्मा काढून उठला होता. नदी मध्येच टाकून जायला कुणालाच काही वाटलं नव्हतं. पण सासऱ्यांनी अख्ख्या नोकरीत एकदाही गाडी वाटेत सोडली नव्हती.

"बाबा, चष्मा काढा, संपलं," जावई म्हणाला.

"संपलं कसं? चहूकडे पाणी आहे! मधल्या पाण्यात गाडी सोडून उतरू? मी?"

"ही गाडी नाही, बाबा!"

"माझ्या हातात आली की गाडीच!"

त्यांचा श्वास आता भात्यासारखा चालला होता. बायकोचा चेहरा उतरला. "अहो, करा काहीतरी! खोली राहू दे, माझे बाबा परत आणा."

जावयानं डोकं चालवलं आणि प्लग उपटला. मोटारी बंद पडल्या आणि वल्ही एकदम हलकी झाली. पण चष्मा स्वतःच्या बॅटरीवर चालत होता, त्यामुळे नदी वाहतच राहिली.

"ब्रेक फेल!" सासरे गरजले. "जावईबापू, प्रवाशांना घट्ट धरून बसायला सांगा!" आणि ते दुप्पट वेगानं वल्ही मारू लागले. सीट पुढेमागे धडधडायला लागली. जावयानं घाईघाईनं प्लग परत लावला, तेव्हा मोटारींनी असा हिसका दिला की सासऱ्यांची चप्पल उडून सोफ्यावर आदळली.

"एक प्रवासी पडला!" सासरे ओरडले.

तेवढ्यात मेहुणीला काहीतरी सुचलं. तिनं स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणि चमचा आणला आणि वाजवलं. टण् टण्!

सासऱ्यांनी वेग आणखी वाढवला.

"अगं वेडे!" बायकोनं वाटी हिसकावली. "दोन घंटा म्हणजे निघा. ड्रायव्हरची मुलगी ना तू?" आणि तिनं एकदाच वाजवलं. टण्.

सासऱ्यांचे पाय आपोआप टेकले. सीट थांबली. त्यांनी वल्ही नीट बाजूला ठेवली, चष्मा काढला, आणि सवयीनं वळून मागे पाहिलं, सगळे सुखरूप उतरले ना.

जावई खाली मान घालून उभा.

"जावईबापू," सासरे धापा टाकत म्हणाले, "इतकी वर्षं गाडी चालवली, पण रस्ता असा जिवंत कधी लागला नाही. पाणी हाताला कळतं तुमचं." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "मागची खोली घ्या. पण त्या नदीला काठ करा. नुसता काठ नको, धक्का करा. लोकांना चढता-उतरता आलं पाहिजे."

जावयानं दोन्ही हातांनी किल्ली घेतली. बायको त्याच्याकडे असं बघत होती, जसं तिनं लग्नानंतर फारच थोड्या वेळा बघितलं होतं.

मेहुणीनं काठ केला, धक्का केला. यंत्र मागच्या खोलीत गेलं. आता सासरे रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून फेरी मारतात आणि घंटेशिवाय ना निघतात ना थांबतात. घंटा जावयाकडे असते.

परवा शेजारच्या शिंप्यानं खिडकीतून डोकावून विचारलं, "यंत्र जोरदार आहे हो! जावई काय करतात तुमचे?"

जावयानं वाटी-चमचा पाठीमागे लपवला, लाजला, आणि कान टवकारले.

सासऱ्यांची छाती फुगली. "आमचे जावई?" ते म्हणाले. "माझ्याच बोटीवर कंडक्टर आहेत. अजून जरा कच्चे आहेत, पण होतील तयार."