प्रश्नवहीतली चौथी परिषद

सोनकुसरेभाऊंना त्यांच्या लग्नाचं साल विचारलं तर ते क्षणभर डोळे मिटतात आणि सांगतात, "पहिल्या परिषदेच्या पाच वर्सं आंधी." मुलीचा जन्म? "दुसरी अन् तिसरीच्या मधात." गुडघ्याचं ऑपरेशन? "बारावी झाली अन् लगेच." नवा माणूस चक्रावतो, या वयात बारावी कुठून काढली म्हणून. भाऊंना मात्र यात गैर काहीच वाटत नाही. सन काय, सगळ्यांनाच सारखा असतो, असं त्यांचं म्हणणं.

परिषद म्हणजे माशांची परिषद. तिचं पूर्ण नाव बरंच लांब आहे आणि त्यात 'परिस्थितिकी' हा शब्द आहे, जो उच्चारताना उद्घाटनाचे पाहुणे दर वेळी अडखळतात. साध्या भाषेत सांगायचं तर कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, तिथंच का राहतो, तो कुणाला खातो आणि त्याला कोण खातं, यावर देशभरातली शहाणी माणसं दर दोन वर्षांनी आमच्या कॉलेजात जमून तीन दिवस भांडतात. नागपूरला समुद्र नाही, पण तलाव बरेच आहेत. त्या तलावांच्या काठी आयुष्य काढलेले आमचे एक विभागप्रमुख होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. परिषद त्यांनी सुरू केली आणि सोनकुसरेभाऊंनी चालवली.

भाऊ शास्त्रज्ञ नव्हेत. ते आमच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. फॉर्मालिनच्या बरण्यांमध्ये मासे ठेवणं, बरण्यांवर चिठ्ठ्या लावणं आणि मुलांनी बेडकाच्या बरणीत ठेवलेला मासा पुन्हा माशाच्या बरणीत नेणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, म्हणजे त्यांच्या भाषेत तीन परिषदा झाल्या, तरी रोज अकराला नंदनवन वस्तीतून सायकल मारत येतात. मी याच विभागात शिकवते आणि राहायलाही नंदनवनातच आहे. त्यामुळे सकाळी ते मला रस्त्यात दिसतात. मी स्कूटर हळू केली की म्हणतात, "जा मॅडम, तुमचं लेक्चर आहे. माहं काय, मी रिटायर होऊन राह्यलो." सहा वर्षं झाली, ते अजून रिटायर होतच आहेत.

भाऊ कोष्ट्याच्या घरातले. वडील हातमागावर नऊवारी विणायचे. माग कधीच बंद पडला, पण भाऊंची बोटं सुताला सरावलेली. विभागाची फाटकी जाळी तेच विणून देतात, आणि कुठे गाठ मारली ते शोधूनही सापडत नाही. घरच्या पेटीत वडिलांच्या वेळचे काठाचे तुकडे उरले होते. पहिल्या परिषदेला बिल्ल्यांसाठी रिबन कमी पडली तेव्हा भाऊंनी ते तुकडे कापून लावले. तेव्हापासून आमच्या परिषदेच्या प्रत्येक बिल्ल्याला लुगड्याच्या काठाची पट्टी असते. बाहेरचे लोक विचारतात, हे काही तुमच्याकडचं पारंपरिक चिन्ह आहे का? भाऊ म्हणतात, "हो."

जेवणाचं खातंही त्यांच्याकडेच. पहिल्या परिषदेत आचाऱ्यानं हौसेनं माशाचा रस्सा केला. एका प्रतिनिधीनं पहिलाच घास तोंडाजवळ नेला, थांबला, खिशातून पट्टी काढली आणि ताटातला तुकडा मोजायला लागला. शेजारच्यानं काटे मोजले. दोघांचं प्रजातीवरून बिनसलं, तिसरा मध्ये पडला, आणि रस्सा गार होईपर्यंत कुणी जेवलं नाही. त्या दिवसापासून माशांच्या परिषदेत मासा बंद. भाऊंनी सावजी पद्धतीचा पाटवडी रस्सा सुरू केला. बंगालच्या आणि केरळच्या लोकांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मासा नाही म्हणून येतं की तिखटानं, हे आजवर कळलेलं नाही. भाऊ पंगतीतून फिरतात आणि समाधानानं म्हणतात, "सगळे रडून राह्यले. जेवण जमलं."

पण भाऊंचा खरा जीव प्रश्नवहीत. मोठ्या सरांनी नियम घालून दिला होता: परिषदेत ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तो विचारणाऱ्याच्या नावासकट वहीत लिहायचा आणि पुढच्या परिषदेची सुरुवात त्याच्या उत्तरानं करायची. वही भाऊंच्या ताब्यात. "नोंद पायजे" हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि नोंद करताना ते आपली अक्कल चालवत नाहीत. एकदा एका कंटाळलेल्या प्रतिनिधीनं मागच्या रांगेतून विचारलं, चहा कधी आहे? कुणी उत्तर दिलं नाही. भाऊंनी लिहून घेतलं. दोन वर्षांनी परिषदेचं उद्घाटन झालं, दीप लागला, आणि अध्यक्षांनी गंभीरपणे वाचलं, "प्रश्न पहिला. चहा पावणेअकराला होता."

इतक्या काटेकोर माणसाचा एक हिशेब मात्र सगळ्या विभागाशी जुळत नाही. भाऊंची परिषद आमच्यापेक्षा एकनं पुढे असते. आमची नववी ती त्यांची दहावी. विभागात नव्यानं रुजू होणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं की भाऊंनी काही सांगितलं तर एक वजा करायचा. मीही दहा वर्षं मुकाट्यानं वजा करत आले. का, हे विचारलं नाही, कारण भाऊंना 'का' विचारलं की दोन लेक्चरं बुडतात.

यंदा विचारावं लागलं. आमचे आताचे विभागप्रमुख टेकाडे सर यांनी परिषदेचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायचं काम माझ्यावर टाकलं. सर शिस्तीचे. दारावर 'चौदावी' असं फ्लेक्स लागलंसुद्धा. भाऊंनी सायकल लावली, फ्लेक्स वाचलं आणि तडक सरांच्या खोलीत गेले. मी तिथंच बसले होते.

"सर, पंधरावी पायजे."

"भाऊ, चौथी परिषद रद्द झाली होती. तशी नोटीस आहे."

"नोटीस आहे. पण परिषद झाल्ती."

"कुणी केली?"

"आमी."

सर हसले. "जी झाली नाही तिला नंबर कसा देणार? आणि हे दर वेळेस काय आहे तुमचं?"

इतर वेळी भाऊ "बरं" म्हणून चहा प्यायला जातात. त्या दिवशी तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "आता माहं वय झालं, सर. पुढची पाहीन का नाही, काय सांगता येते. या खेपेले नोंद झाली पायजे." आणि निघून गेले. मला ते काही बरोबर वाटलं नाही. नंबरासाठी माणूस इतका हळवा होत नाही.

मी प्रश्नवही मागून घेतली. चौथ्या परिषदेच्या पानावर खरंच रद्द झाल्याची नोटीस चिकटवलेली होती. कुण्या कारकुनानं डिंक लावून, चारी कोपरे दाबून, फाइल पूर्ण केली होती. एवढ्या वर्षांत डिंक वाळला होता. पान उलटताना नोटीस आपोआप माझ्या हातात आली. तिच्याखाली बारीक तिरप्या अक्षरात पानभर इंग्रजी मजकूर होता. चौथी परिषद, स्थळ प्राणिशास्त्र संग्रहालय, अध्यक्षांची सही, आणि सगळ्यात खाली एक अनुत्तरित प्रश्न. विचारणार: श्रीमती कमल सोनकुसरे.

कमलबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. मी त्यांना दोनतीनदाच भेटले होते. हसऱ्या बाई होत्या आणि भाऊंना चारचौघांत वेड्यात काढायच्या.

संध्याकाळी वही घेऊन भाऊंच्या घरी गेले. मुलगी पुण्याला, त्यामुळे घरात ते एकटेच. त्यांनी पान पाहिलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "नोटीस तुमी फाडली का?"

"नाही भाऊ, आपोआप निघाली."

"मंग ठीक. ऑफिसचा कागद आहे, फाडता येत नाही. म्हणून तर मी हात नाही लावला इतकी वर्सं."

मी कपाळाला हात लावला. खाली काय आहे हे या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग त्यांनी सांगितलं. चौथ्या परिषदेच्या आधी हॉलच्या छताचं प्लास्टर पडलं आणि सगळ्यांना रद्दची पत्रं गेली. मोठे सर आजारी होते. भाऊ त्या आठवड्यात बायकोला घेऊन सासुरवाडीला, उमरेडकडे गेले होते, तिथल्या तलावातून प्रदर्शनासाठी जिवंत मासे आणायला. त्यांना कुणी कळवलंच नाही. ठरल्या दिवशी सकाळी दोघं थेट कॉलेजात उतरले, भाऊंच्या हातात माशांचा डबा आणि कमलबाईंच्या हातात पाटवडीचा. हॉलला कुलूप. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पेटीवर बसलेले. कोलकात्याचे घोषबाबू. त्यांनाही पत्र मिळालं नव्हतं.

"मी म्हटलं, बाबूजी, कॅन्सल. थे म्हणे, हम इतना दूर से आया है, हम पेपर पढ़ेगा. सुननेवाला कौन है? मी म्हटलं, मी हाव. अन् हे माही मिसेस."

भाऊंनी संग्रहालय उघडलं. बरण्यांच्या मध्ये तीन खुर्च्या मांडल्या. नियम म्हणून बिल्ले लावले. घोषबाबूंनी तासभर पेपर वाचला आणि मग म्हणाले, आता तुमचा.

"माहा कोठून पेपर येईन, मॅडम? मी बरण्या पुसणारा. पण थे आयकेचना. मंग मी मरळ मासोळीचं सांगतलं. उमरेडच्या तलावात लग्न झाल्यापासून पाह्यलं होतं. नर अन् मादी दोघं मिळून पिल्लं राखतेत. पिल्लायचा थवा वर, अन् हे दोघं खालून. कोणी जवळ आलं का धावून जातेत. दहा मिनिटं बोल्लो मी. हिनं सगळं आयकलं. घरी दोन मिनिटं नाही आयकत होती माहं."

आणि शेवटी अध्यक्ष म्हणून घोषबाबूंनीच रीतीप्रमाणे विचारलं, कुणाला प्रश्न? कमलबाईंनी हात वर केला. पिल्लं मोठी होऊन निघून गेल्यावर ते दोघं काय करतात?

भाऊंना माहीत नव्हतं. घोषबाबूंनाही. म्हणून घोषबाबूंनी आपल्या हातानं सगळी नोंद केली आणि प्रश्न वहीत गेला.

पुढच्या उन्हाळ्यापासून भाऊ दर वर्षी तलावावर जाऊन बसू लागले. तीन वर्षं बसले तेव्हा उत्तर सापडलं. पण तोवर पानावर नोटीस चिकटली होती. पान नाही म्हणजे प्रश्न नाही, प्रश्न नाही म्हणजे पुकारा नाही.

"मग घरीच सांगायचं होतं ना त्यांना," मी म्हणाले.

"थे तेच म्हने. भाकरी थापता थापता विचारे, काहो, माह्या प्रश्नाचं काय झालं? मी म्हणो, परिषदेतला प्रश्न आहे, परिषदेतच सांगीन. पुढच्या खेपेले तुले घेऊनच जातो. थे हासे." भाऊ उठले. "सांगून द्याले पायजे होतं, मॅडम. येडा भैताड आहो मी."

त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. त्यात सगळ्या परिषदांचे बिल्ले ओळीनं होते, प्रत्येकीचा एक. चौथीचे दोन होते.

टेकाडे सरांनी पान दोनदा वाचलं. शिस्तीचा माणूस नियमापुढे नमतो, हा त्याचा फायदा. फ्लेक्स बदलणार नाही म्हणाले, पण वहीतला प्रश्न ओलांडून पुढे जाता येत नाही हे त्यांनी मान्य केलं. स्मरणिकेत मी इतिहास लिहिताना पंधरा परिषदा लिहिल्या. दारावर चौदा आणि आत पंधरा. अजून तरी कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

उद्घाटनाला दीप लागला, पाहुणे 'परिस्थितिकी'ला अडखळले, आणि सरांनी वाचलं, "प्रलंबित प्रश्न. चौथी परिषद. श्रीमती कमल सोनकुसरे." भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर गेले. खिशावर चौथ्या परिषदेचे दोन्ही बिल्ले होते. हॉलमध्ये दोनशे माणसं होती, आणि ते दहाव्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतकंच बोलले.

"पिल्लं निंघून गेली का मरळीची जोडी तिथंच फिरत राह्यते. दोन दिवस, कधी चार. राखाले काहीच नसते, तरी कोणी जवळ आलं का धावून जातेत. काहून, थे मले नाही मालूम. मी पाह्यलं तेवढं सांगतलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग जागा सोडून जातेत. पण दोघं सोबत जातेत, का एक आंधी अन् एक मागून, थे पाहाले नाही भेटलं मले. तेवढं वहीत लिहून घ्या, मॅडम. नोंद पायजे."

वही यंदा माझ्याकडे होती. मी प्रश्न लिहून घेतला. विचारणाऱ्याच्या रकान्यात आधी भाऊंचं नाव लिहिलं, आणि मग त्याच ओळीत, शेजारी, कमलबाईंचं.