वेंकोबामामांच्या छातीतली वीज

आमच्या वेंकोबामामांना वाईट बातमी गाऊन सांगावी लागे. दारातच चिपळ्या टांगलेल्या! कुंभकोणमातली आम्ही मराठी मंडळी हरिकथा ऐकत वाढलेली, आम्हांला कसंबसं जमे; पण दूधवाला कुप्पन म्हैस आटल्याचं तमिळमध्ये आळवू लागला, की अख्खी गल्ली गोळा व्हायची. मामी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत. मामा मात्र डोळे मिटून म्हणत, "हां, आता कसं सोसवतं!"

हे खूळ मद्रासेहून आलं. मामींना धाप लागायची, म्हणून दोघं तिथल्या मोठ्या डाक्टराकडे गेली. हृदयाचं चित्र काढणारं यंत्र होतं. दोन्ही हात नि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. मामी घाबरल्या, म्हणून आधी मामा बसले. पण हात पाण्यात जाताच या गृहस्थांनी सवयीनं संध्या सुरू केली आणि डाक्टराच्या पाटलोणीवर अर्घ्य सोडलं!

परतले ते छाती धरूनच. "हृदय विजेवर चालतं रे. धसका बसला की वीज वाट चुकते, ठोका हुकतो. माझी चुकते."

झालं! घरात भांडण बंद, रडगाणं बंद. सकाळची वाफाळती कापीसुद्धा पितळी पेल्यातून नाही, करवंटीतून.

"मामा, वीज पितळेतून पळून जाईल काय?"

"पळाली तर तू धरून आणशील काय, गाढवा?"

एके दिवशी तंजावरहून तार आली. मामींचा आजारी भाऊ नारायण गेला. मी चिपळ्यांना हात घातला, तोच मामांनी तार हिसकून वाचली आणि मला ओढत परसात नेलं.

"मी ठणठणीत आहे रे. रोग तिच्या हृदयाला आहे. तिला रोग कळला तर धास्तीनंच जाईल, असं डाक्टर म्हणाला. म्हणून मी माझ्या अंगावर घेतला. आता नारायणाचं तिला कसं सांगू?"

एवढा मोठा माणूस, तोंडात उपरणं कोंबून रडला.

शेवटी मामा मामींसमोर जाऊन बसले. चिपळ्या हातात घेतल्या, पुन्हा खाली ठेवल्या. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"नारायण गेला ना?"

मामांनी मान हलवली. हुंदका गिळून मामी जवळ सरकल्या, मामांच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी रडत नाही, बघा. तुम्ही घाबरू नका हो. तुम्हांला सोसायचं नाही."