हिलालभाऊंच्या वाटचं खरं

माणसांना एकमेकांशी खरं बोलायला कसं शिकवावं, हे अख्ख्या खानदेशात मला एकट्यालाच कळतं, असं ब्याण्णव साली माझं ठाम मत होतं. धुळ्याच्या कॉलेजात मी प्राध्यापक होतो, तिथे मी ‘मोकळा संवाद’ नावाचा वर्गच सुरू केला! जात, धर्म, पैसा बाजूला ठेवून सगळ्यांनी गोल बसायचं आणि मनातलं बोलायचं. सतरंजी पुना अंथरायचा. पुना विद्यार्थीच, पण कामाला मोठा चटपटीत.

वर्षअखेरीस विद्यापीठाची समिती वर्ग बघायला येणार होती. तिला पटलं नाही तर वर्ग बंद. मी असा घाबरलो, की प्रत्येकाच्या मनातलं मीच कागदावर लिहून पाठ करायला दिलं! वर्गातल्या मुमताजने विचारलं, पाठ केलेलं खरं कसं होईल? मी म्हटलं, समितीपुरतं होईल.

हिलालला मी एक कबुली लिहून दिली होती. तो पारोळ्याकडच्या बड्या बागायतदाराचा मुलगा, आणि पुनाचे वडील त्यांच्याच शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे. हिलालच्या कागदावर होतं : ‘मी सालदाराच्या मुलाला माझी सगळी कामं सांगतो. मला त्याची लाज वाटते.’

समिती आली. अध्यक्ष प्रमिलाबाईंनी हिलालचं नाव पुकारलं. हिलालने मान खाली घातली. उठला पुना!

“मॅडम, हिलालभाऊस्ले पाठ व्हयनं नही. त्यास्नं मीच सांगस.”

आणि ती अख्खी कबुली त्याने खणखणीत आवाजात, एकही शब्द न चुकता म्हणून दाखवली. वर्गातला हबीब हसू दाबता दाबता सतरंजीवर आडवा झाला.

प्रमिलाबाई मात्र हसल्या नाहीत. “हे हिलालचं झालं. आता तुझं काय ते सांग.”

पुनाने माझा कागद खिशातून काढलाच नाही. त्याने तोंड उघडलं, आणि हा खरंच मनातलं बोलणार, अशी मला भलतीच धास्ती वाटली.

“पुना,” मी म्हटलं, “आधी पाहुण्यांना चहा घेऊन ये बरं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात हिलाल ताडकन उठला आणि चहा मी आणतो म्हणत बाहेर पडला. दोन मिनिटांत परत आला, माझ्या कानाशी लागला आणि कॅन्टीन कुठे आहे ते विचारू लागला. तीन वर्षं कॉलेजात काढलेला मुलगा! मी ऐटीत हात उचलला, तो तसाच राहिला. मलाही माहीत नव्हतं. माझाही चहा रोज पुनाच आणायचा.

शेवटी हिलालला वाट दाखवायला पुनाच गेला. त्याचं बोलणं राहिलं ते राहिलंच.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. वर्ग चालू ठेवावा, गरज मोठी दिसते. पुढील वर्षी संबंधित प्राध्यापकांनाही विद्यार्थी म्हणून बसवावे.

पत्र वर्गात वाचून दाखवणं भाग होतं. नेमका त्याच दिवशी माझा घसा बसला, म्हणून मी ते पुनाकडे दिलं. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली.