परब मावशींचे न दिसणारे मेंबर

आमच्या शेजारच्या परब मावशी रोज सकाळी सात वाजता, स्वतः चहा घ्यायच्या आधी, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना जेवायला घालतात. हातात सुई काढलेली सिरिंज असते, तिच्यात मोजून चार मिली पांढरं व्हिनेगर असतं, आणि ते काचेच्या टाकीत थेंब थेंब सोडताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. "गप रे, पंगत बसलीय," असं त्या म्हणतात.

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे. याच खोलीत त्यांनी तीस वर्षं खानावळ चालवली. आधी गिरणीतली माणसं जेवायची, मग कुरियरवाले, सेल्समन, दुकानांत कामाला असणारी एकटी पोरं. खानावळीत जेवणाऱ्याला मेंबर म्हणतात. गुडघे गेले तेव्हा मावशींनी खानावळ बंद केली, पण तो शब्द त्यांच्या तोंडातून गेला नाही. आता टाकीतले बॅक्टेरिया हे त्यांचे मेंबर.

टाकी मूळची दिनेशदादाची. तो क्रॉफर्ड मार्केटजवळ शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता आणि मावशींकडे जेवायचा. बदलापूरला राहायला गेला तेव्हा म्हणाला, "मावशी, दोन महिने सांभाळा, घर लागलं की नेतो." याला चार वर्षं झाली. समुद्राच्या पाण्याची टाकी. आत दोन नारंगी-पांढरे मासे, एक झिंगा आणि दगडांवर वाढणारी जिवंत प्रवाळं. ही प्रवाळं फार नाजूक. माशांच्या घाणीनं पाण्यातलं नायट्रेट वाढलं की ती मिटून घेतात, दगडांवर शेवाळ धरतं आणि महिन्याभरात सगळं खलास.

ती घाण बॅक्टेरिया खातात. पण नुसती घाण त्यांना जात नाही, सोबत कार्बन लागतो, तो व्हिनेगरमधून मिळतो. हे मला दोन लेक्चरं ऐकून कळलं. मावशींनी मला ते एका वाक्यात सांगितलं होतं: "नुसता भात कुणाला जातो रे? तोंडी लावायला काहीतरी आंबट लागतं." मेंबर जेवतात, वाढतात, आणि टाकीमागचं फेस काढणारं यंत्र त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतं. त्या यंत्राला मावशी 'मोरी' म्हणतात.

व्हिनेगरऐवजी व्होडकाही चालते, असं दिनेशदादानं एकदा सुचवलं होतं. मावशी त्याच्यावर अशा उखडल्या की शेजारच्या तीन खोल्यांना ऐकू गेलं. "माझ्याकडे पिऊन आलेल्याला ताट नव्हतं! आता मीच पाजू काय, मेल्या?"

माझ्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. बाबा एका सोसायटीत वॉचमन आहेत. मी मायक्रोबायोलॉजी घेतलं हे आईनं गॅलरीत कुणाला तरी सांगितलं आणि त्या दिवसापासून मावशींनी माझं नाव घ्यायचं सोडलं. "ए सायन्स!" अशी हाक येते. खरं सांगायचं तर कॉलेजात आम्ही अजून काचपट्टीवर रंग चढवायलाच शिकतोय आणि तोही माझ्या बोटांनाच जास्त लागतो. पण हे मावशींना सांगायचं धाडस मला झालं नाही.

दर रविवारी माझी परीक्षा असते. मावशी छोट्या नळीत टाकीचं पाणी घेतात, त्यात औषधाचे थेंब टाकतात, पाणी गुलाबी होतं. जेवढं गुलाबी तेवढी घाण. मग गॅलरीच्या उजेडात रंगांचं कार्ड धरून विचारतात, "हा की हा?" मला दोन्ही गुलाबी सारखेच दिसतात. चुकीचं सांगितलं आणि प्रवाळ मेलं तर? म्हणून मी "मधला" म्हणतो. त्या समाधानानं कॅलेंडरवर 'मधला' असं लिहितात. गेले आठ महिने आमच्या टाकीचं नायट्रेट 'मधला' आहे.

आणि प्रमाणाबाबत त्या फार कडक. जिनं आयुष्यभर "अजून एक चपाती घे, लाजतोस काय" असं म्हणत माणसांना वाढलं, ती बाई सिरिंजमधला अर्धा थेंबही जास्त जाऊ देत नाही. एकदा माझ्या हातून पाच मिली भरलं गेलं तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "पोटापुरतं. हे माजले तर मासे गुदमरतील." हे खरं होतं. बॅक्टेरिया एकदम वाढले की पाण्यातला सगळा ऑक्सिजन तेच घेतात. त्या दिवसापासून मी सिरिंज हातात घेतली की मला घाम फुटतो.

या दसऱ्याला आम्ही सगळे मामाकडे गेलो होतो, रात्री उशिरा परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. मावशी कधी टकटक करत नाहीत, गॅलरीतून हाक मारतात. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाल्या, "जरा येतोस?" सायन्ससुद्धा म्हणाल्या नाहीत.

टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरं झालं होतं. पलीकडचा दगड दिसत नव्हता. दोन्ही मासे अगदी वर येऊन तोंडं उघडमिट करत होते.

"मावशी, काल किती घातलं?"

"रोजच्याएवढंच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? मी काय आजच घालायला लागले?" पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पुस्तकात बॅक्टेरिया वाढवायचे कसे ते आहे, थांबवायचे कसे ते माझ्या धड्यापर्यंत आलेलं नाही. मी दिनेशदादाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पांढरं झालं? एका रात्रीत?" तो म्हणाला. "व्हिनेगरनं एवढं नाही होणार. मावशी, साखर घातली काय?"

मावशी पदरानं टाकीची काच पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "चिमूटभर."

"किती चिमटी?"

"पाच."

"पाच! अहो कशाला?"

"सण होता ना."

दिनेशदादा क्षणभर हसला, मग घाईघाईनं सांगू लागला. व्हिनेगर आठवडाभर बंद. निम्मं पाणी काढून नवं मिठाचं पाणी घाला. मोरी फुल चालू. आणि मासे खाली जाईपर्यंत पाणी उचलून वरून ओतत राहा, हवा मिसळली पाहिजे. "थांबू नका, नाहीतर गेले समजा!"

मी भांडं शोधायला आत धावलो. ओट्यावर पातेली झाकून ठेवली होती. घाईत आमटी वाढायचं ओगराळं काढताना एकाचं झाकण सरकलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं, काठोकाठ. शेजारी टोपलीत वड्यांची रास. भिंतीला पाच ताटं टेकवून ठेवलेली, कोरडी, प्रत्येकात उलटी वाटी. कुणी जेवलेलं नव्हतं.

मग मला आठवलं. खानावळ बंद झाली तरी दसऱ्याला जुने मेंबर मावशींकडे जेवायला येतात. आदल्या वर्षी पाच होते. मीच त्यांना पाणी दिलं होतं.

मी बाहेर येऊन टाकीत ओगराळं बुडवलं आणि उंचावरून ओतू लागलो. अर्धं पाणी जमिनीवर. फोन अजून चालूच होता.

"मावशी, काल मला यायचं होतं हो," दिनेशदादा म्हणत होता. "पण पोराला ताप. म्हटलं, बाकीचे असतीलच. कोण कोण आलं?"

मी ओतायचा थांबलो.

"सगळे आले रे," मावशी म्हणाल्या. "बसायला जागा पुरेना. तुझी आठवण काढली सगळ्यांनी."

"मग ठीक आहे. मला वाटलं, तुमचं जेवण वाया जातंय की काय."

"छे. भांडी घासूनपुसून ठेवली. पोराला सांभाळ. सुंठ उगाळून दे."

फोन बंद झाला. मावशी टाकीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत वाट बघितली. मग एकेकाच्या नावानं एकेक चिमूट टाकली. सणाचं गोड कुणाच्या तरी पोटात जाऊ दे, म्हटलं." आणि लगेच, "त्याला बोलू नकोस हां."

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातून ओगराळं घेतलं. गुडघा दुखत असूनही त्या स्टुलावर चढल्या आणि पाणी उचलून ओतू लागल्या, संथ, एकसारखं, एक थेंब बाहेर न सांडता. मी बादलीत मीठ कालवत राहिलो, पाणी बदलत राहिलो. कॉलेजची वेळ निघून गेली.

दुपारी कधीतरी मागचा दगड अंधुक दिसायला लागला. झिंग्याच्या मिशा हलल्या. मग एक मासा वळून खाली गेला, त्याच्यामागे दुसरा.

"मावशी, बास. गेले खाली. वाचले."

"हो," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक ओगराळं भरून ओतलं.